दोन खांबांच्या मधलं आधी बघा: गावासाठी वायरलेस इंटरनेटची निवड

गावात वायरलेसने इंटरनेट न्यायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास कंपनीचा निघतो. युबिक्विटी घ्यावं, मायक्रोटिक की टीपी-लिंक? माझ्या मते हा प्रश्न शेवटी विचारायचा. इंटरनेट जिथून निघणार तो खांब आणि जिथे पोचवायचं तो खांब, यांच्या मधे काय उभं आहे ते आधी बघा. त्यावरून बँड, म्हणजे कोणत्या वारंवारतेच्या लहरी वापरायच्या ते, ठरतो, बँड आणि अंतरावरून अँटेना, आणि मग कंपनी.

अंतराला लोक उगीच घाबरतात. एर्मान्नो पिएत्रोसेमोली यांनी २००७ साली व्हेनेझुएलात दोन डोंगरमाथ्यांमधे वाय-फायची ३८२ किलोमीटरची लिंक चालवून दाखवली. ती चालली कारण मधे काही आडवं येत नव्हतं. उलट आठशे मीटरवरची शाळा दाट झाडीमागे असेल तर भारीतली डिशसुद्धा हात टेकते.

आणि पलीकडचा खांब दुर्बिणीतून दिसला म्हणजे रस्ता मोकळा, असं समजू नका. लहरी रेषेत जात नाहीत, दोन टोकांना निमुळता आणि मधे फुगीर असा पट्टा घेऊन जातात. त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. ५ किलोमीटरच्या लिंकला ५.८ गिगाहर्ट्झवर मध्यावर या पट्ट्याची त्रिज्या ८ मीटर येते, आणि त्यातला निदान ६० टक्के भाग, म्हणजे रेषेच्या खाली साधारण ५ मीटर, मोकळा लागतो. नजरेची रेष झाडाच्या शेंड्यावरून दोन मीटरने जात असेल तर लिंक लागेल, पण रडत चालेल. पाहणी पानगळीत केली असेल तर पालवी फुटल्यावर काय होईल याचाही अंदाज घ्या, आणि झाडं वाढतात हेही धरा.

२.४, ५ की ६० गिगाहर्ट्झ?

खांब ते खांब लिंकसाठी २.४ मी यादीतून काढूनच टाकतो. एकमेकांवर न चढणारे चॅनेल (बँडमधल्या वेगवेगळ्या वाटा) तीनच, आणि त्यांवर गावातला प्रत्येक घरगुती राउटर आधीच बसलेला. '२.४ झाडांतून आरपार जातं' हे अर्धसत्य आहे. ५ पेक्षा थोडं बरं जातं, पण झाडांची एक चांगली रांग त्यालाही पुरते. शिवाय फ्रेनेलचा पट्टा इथे रुंद होतो, वरच्याच ५ किलोमीटरला त्रिज्या १२.५ मीटर. हा बँड शेवटच्या टप्प्याला, घरातल्या मोबाइलसाठी ठेवा.

५ गिगाहर्ट्झ हा बहुतेक गावांचा बँड. चॅनेल भरपूर, यंत्रं सहज मिळणारी, आणि पावसाचा परिणाम जवळजवळ नाहीच. एकच भानगड सांभाळायची. यातले काही चॅनेल रडारसोबत वाटून घेतलेले असतात. अशा चॅनेलवर यंत्र आधी निदान एक मिनिट नुसतं ऐकतं, आणि पुढे कधीही रडारची चाहूल लागली की चॅनेल सोडून जातं. मुख्य लिंक मधेच एखादा मिनिट गायब होते त्याचं कारण कित्येकदा हेच असतं. त्यावर देशाची सेटिंग चुकीची टाकून पळवाट काढणारे भेटतात. तसं करू नका. नियमांचा भंग तर होतोच, वर शेजारच्या कुणाच्या लिंकवर आपला गोंगाट चढतो.

६० गिगाहर्ट्झचा मोह वेगामुळे पडतो, गिगाबिटपर्यंत मजल जाते. पण या लहरी हवेतला ऑक्सिजनच शोषतो, किलोमीटरमागे साधारण १५ डीबी (डेसिबल, सिग्नलची घट-वाढ मोजायचं माप; दर १० डीबीला दहापट फरक), आणि जोराचा पाऊस आला की आणखी. काही शे मीटरसाठी उत्तम, किलोमीटर-दीड किलोमीटरच्या पुढे जपून, आणि जोडीला ५ ची राखीव लिंक हवीच. झोत इतका अरुंद असतो की वाऱ्यात डोलणाऱ्या पाइपवर हे लावण्यात अर्थ नाही.

९०० मेगाहर्ट्झच्या आसपासचा बँड झाडीत खरोखर चालतो. मात्र तो मोकळा आहे की नाही हे देशागणिक बदलतं आणि वेगही बेताचा मिळतो.

पॅनेल की डिश?

इथे थोडं गणित कराच, कारण खरेदीतला मोठा घोळ इथेच होतो. ५ किलोमीटरवर ५.८ गिगाहर्ट्झची लहर वाटेत सुमारे १२२ डीबी गमावते. टीपी-लिंकच्या सीपीई५१० सारखं लहान पॅनेल (चपटा अँटेना) १३ डीबीआयचं असतं (डीबीआय म्हणजे अँटेना सिग्नल एका दिशेला किती एकवटतो त्याचं माप), युबिक्विटीची लाइटबीम ५एसी किंवा टीपी-लिंकचीच सीपीई६१० ही डिश २३ डीबीआयची. यंत्राची शक्ती २३ डीबीएम (डीबीएम हे सिग्नलच्या शक्तीचं माप) धरली तर दोन्ही टोकांना पॅनेल लावून पलीकडे २३ + १३ + १३ − १२२, म्हणजे उणे ७३ डीबीएम पोचतं; आकडा शून्याच्या जितका जवळ तितका सिग्नल चांगला. दोन्हीकडे डिश लावली तर उणे ५३. पहिल्या आकड्यावर लिंक जिवंत राहते पण वेग पडलेला असतो, दुसऱ्यावर यंत्र आपल्या सर्वोच्च वेगाजवळ चालतं.

यावर नेहमीची हरकत अशी, की कायद्याने एकूण उत्सर्जनाला मर्यादा असते, मग मोठ्या डिशचा उपयोग काय? समजा मर्यादा ३६ डीबीएम आहे. पॅनेल त्या मर्यादेत बसतंच (२३ + १३). डिशची शक्ती १३ पर्यंत खाली आणावी लागेल. तरीही पलीकडच्या डिशची ऐकण्याची ताकद कायम राहते, आणि पोचतं उणे ६३. कायदा पाळूनही १० डीबीचा फायदा. वर अरुंद झोतामुळे आजूबाजूचा गोंगाट कमी ऐकू येतो तो वेगळाच. म्हणून एक-दीड किलोमीटरच्या पुढे मी डिशच घेईन. पाइप नाजूक असेल तर जाळीची, कारण भरीव डिश वारा जबर पकडते.

मधल्या खांबावर काय?

एका खांबावरून अनेक घरांना द्यायचं तर ओम्नी अँटेना स्वस्त आणि सोपा वाटतो, चहूबाजूंना पसरतो. पण तो चहूबाजूंचा गोंगाटही गोळा करतो. शिवाय १३ डीबीआयच्या ओम्नीचा उभा झोत ७ अंशांच्या आसपास असतो, म्हणजे टेकडीवर लावला की पायथ्याची घरं कोरडी. ९० किंवा १२० अंशांचा सेक्टर, म्हणजे एकाच अंगाला पंख्यासारखा पसरणारा अँटेना, घ्या. वस्ती एकाच अंगाला असेल तर एक सेक्टर पुरतो, चार लावायलाच हवेत असं नाही.

मधल्या खांबावरच्या यंत्रानेच कंपनीचा प्रश्नही सुटतो. साध्या वाय-फायमधे दोन टोकांची घरं एकमेकांना ऐकत नाहीत, एकाच वेळी बोलतात आणि दोघांचंही वाया जातं. म्हणून या कंपन्या प्रत्येक घराला बोलायची पाळी ठरवून देतात: युबिक्विटीची एअरमॅक्स, मायक्रोटिकची एनव्ही२, टीपी-लिंकची मॅक्सट्रीम. या पद्धती एकमेकींशी जुळत नाहीत. मधे एकाचं यंत्र बसवलंत की पुढची सगळी घरं त्याच घराण्यातली.

एकच लिंक टाकायची असेल तर टीपी-लिंकची सीपीई मालिका पुरे, जास्त खोलात जायची गरज नाही. दहा-वीस घरं आणि सांभाळणारा माणूस शिकाऊ असेल तर युबिक्विटी. तिची स्क्रीन समजायला सोपी आहे आणि अडलं तर सांगणारं कुणीतरी सापडतं. मायक्रोटिकच्या छोट्याशा डिशमधेही पूर्ण राउटरओएस, म्हणजे तिची राउटर चालवणारी प्रणाली, असतं. घरागणिक वेग वाटणं, फायरवॉल, रूटिंग सगळं तिथेच होतं, पण ते शिकायला चिकाटी लागते. अशी चिकाटी असलेलं कुणी गावात असेल तर माझं मत मायक्रोटिकला. कँबियम या कंपनीच्या ईपीएमपी मालिकेकडे तेव्हा वळा, जेव्हा टॉवरवर अनेक सेक्टर येतील. तिच्या जीपीएस सिंकमुळे सगळे सेक्टर एकाच क्षणी बोलतात आणि एकाच क्षणी ऐकतात, त्यामुळे तेच चॅनेल पुन्हा वापरता येतं.

खांबासाठी जागाच नसेल आणि घर एकटं असेल तर मोबाइल टॉवरकडे तोंड करून लावलेला सिमवाला आउटडोअर राउटर बघा. उपग्रहामधे ३५,७८६ किलोमीटरवरच्या भूस्थिर उपग्रहाचा विलंब अर्ध्या सेकंदाहून जास्त होतो, व्हिडिओ कॉलची त्यात मजा जाते. ५५० किलोमीटरच्या आसपास फिरणाऱ्यांचा तो शंभराहून कमी मिलिसेकंदांत बसतो. ते कनेक्शन गावात वाटायचं असेल तर आधी करार वाचा.

बसवताना

डिश जुळवताना गणितातला आकडा कागदावर लिहून वर चढा. डिशला मुख्य झोताच्या बाजूला छोटे झोत असतात. नेमकं त्यावर जुळलं की सिग्नल 'सापडतो', आणि माणूस बोल्ट आवळून खाली उतरतो. उणे ५३ यायला हवं आणि उणे ७२ वर अडलंय, तर बहुधा तुम्ही बाजूच्या झोतावर आहात. एका वेळी एकाच टोकाची डिश हलवा. बोटभर सरकवा, आकडा स्थिर होऊ द्या, मग पुढे. सिग्नल चढून उतरला की मागे या. आडव्या दिशेने जुळलं की मग वर-खाली जुळवा.

केबल निखळ तांब्याची, उन्हात टिकणारी, शील्ड असलेली आणि १०० मीटरच्या आत हवी. ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली केबल लांब अंतरावर व्होल्टेज खाते. यंत्राच्या तोंडाशी केबलला खाली झोल द्या, म्हणजे पाणी आत न जाता थेंबाने गळून पडेल. पीओई (डेटाच्याच केबलमधून यंत्राला वीज देणं) तपासल्याशिवाय जोडू नका. काही यंत्रं २४ व्होल्टची, काही ४८ ची. साधा ४८ चा अडॉप्टर २४ च्या यंत्राला लावला की यंत्र गेलं. खांबाला अर्थिंग आणि केबलला सर्ज अरेस्टर द्या. थेट पडलेल्या विजेपुढे त्याचं काही चालत नाही, आसपास पडलेल्या विजेच्या झटक्यापासून मात्र तो वाचवतो.

वीज बेभरवशाची असेल तर हिशेब सोपा आहे. ८ वॅटचं यंत्र दिवसाला १९२ वॅट-तास घेतं. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी अर्धीच वापरायची म्हटली तर ६०० वॅट-तास, म्हणजे तीन दिवस. मधे इन्व्हर्टर घातला तर त्यातले काही वॅट-तास तोच खातो, म्हणून शक्यतो थेट डीसीवर चालणारं यंत्र घ्या.

त्याच मॉडेलचं एक जादा यंत्र सेटिंग भरून कपाटात ठेवा. लिंक जुळली की क्लॅम्प आणि पाइप या दोन्हींवरून जाणारी रंगाची एक रेघ ओढा. वादळानंतर डिश फिरली आहे का ते खालूनच कळतं आणि जागेवर आणायला तज्ज्ञ बोलवावा लागत नाही.