टॅकोचा काटा पाच हजारांवर, इंजिन मात्र थकलेलं: जुनं आउटबोर्ड घेताना झालेली फसवणूक

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद. त्यामुळे मुंबईत मढ, वर्सोवा, गोराईकडे जुन्या आउटबोर्डचे, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावायच्या इंजिनांचे, व्यवहार जुलै संपता संपता घाईत उरकले जातात. ट्रायल होते ती रिकाम्या होडीवर, ओहोटीच्या पाण्याबरोबर आणि थ्रॉटल विकणाऱ्याच्या हातात. मढच्या एका होडीच्या गळ्यात ४० हॉर्सपॉवरचं दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक इंजिन असंच मारलं गेलं. "नाखवा, काटा बघा ना, पाच हजाराच्या वर हाय!" टॅको म्हणजे इंजिनाचे मिनिटाचे फेरे (आरपीएम) दाखवणारं घड्याळ; त्याच्या एवढ्या आकड्यावर पैसे मोजले गेले. कंपनीच्या पुस्तकात या इंजिनाची फुल थ्रॉटलची मर्यादा ४५०० ते ५५०० आरपीएम, काटा ५१६० वर, पंख्याच्या बोंडावर (मधल्या नळीवर) पिच ११ कोरलेला; पिच म्हणजे न घसरता पंखा एका फेऱ्यात किती इंच पुढे जाईल तो आकडा. सगळं जुळत होतं. एक सिलिंडर मात्र दमलेला होता.

हे लपवण्यासाठी दोन गोष्टी केल्या होत्या. पंखा खरा ९ पिचचा होता. बोंडावरचा जुना आकडा कानशीने घासून त्यावर ११ ठोकलेला, वर ताजा काळा रंग. नखाने रंग खरवडला तेव्हा कानशीच्या आडव्या रेषा दिसल्या. पिच कमी म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्यात होडी कमी पुढे जाते, इंजिनावर भार कमी येतो आणि ते मोकळं फिरतं. पिच १ इंचाने बदलला की साधारण १५० ते २०० आरपीएमचा फरक पडतो. म्हणजे २ इंचांत थकलेल्या इंजिनाला ३०० ते ४०० आरपीएम फुकट मिळाले.

दुसरी लबाडी टॅकोमध्ये, आणि ही जास्त वाईट, कारण तिकडे कोणी बघतच नाही. आउटबोर्डचा टॅको चार्जिंग कॉइलचे ठोके मोजतो. इंजिनाला १२ पोल (चुंबकाची टोकं) असतील तर टॅकोच्या मागच्या बटणावरही १२ च लावायला हवेत. इथे स्क्रूड्रायव्हरने ते १० वर फिरवलेलं होतं. १२ ला १० ने भागा: काटा खऱ्यापेक्षा १.२ पट दाखवतो. खरे आरपीएम ४३०० होते, म्हणून काट्यावर ५१६०.

हे कागदावर पकडता येतं. आरपीएमला गियर रेशोने भागा, इंचातल्या पिचने गुणा, १२१५ ने भागा. पंखा पाण्यात अजिबात घसरला नाही तर होडी किती नॉट जाईल ते कळतं. या इंजिनाचा रेशो २ आहे, म्हणजे इंजिनाच्या दोन फेऱ्यांत पंख्याचा एक फेरा. ५१६० आणि ११ पिच धरले तर २३.४ नॉट येतात. मोबाइलच्या जीपीएसवर भरतीच्या दिशेने आणि उलट अशी दोन्ही बाजूंनी मोजून सरासरी १३.५ नॉट भरली. म्हणजे ४२ टक्के घसरण! पाण्यावर उठून धावणाऱ्या हलक्या होडीला १० ते २० टक्के घसरण रास्त. ४३०० आणि ९ पिच घालून बघा: १५.९ नॉट, घसरण १५ टक्के. खरा हिशेब हाच.

पंख्याचा पिच स्वतः मोजता येतो. पंखा सपाट टेबलावर ठेवा. मध्यापासून टोकापर्यंतच्या अंतराच्या साधारण ७० टक्क्यांवर, पात्यावर ६० अंशांच्या अंतराने दोन खुणा करा आणि दोन्हींची टेबलापासून उंची मोजा. उंचीतल्या फरकाला ६ ने गुणलं की पिच. ९ पिचला फरक ३८ मिलिमीटर येतो, ११ ला साडेसेहेचाळीस. एकच पातं मोजून थांबू नका. ठोकून सरळ केलेल्या पंख्याची तिन्ही पाती सारखी भरत नाहीत आणि मग गियरकेसला थरथर लागते.

जाळी, बर्फ, पेट्रोल आणि चार माणसं घेऊन होडी निघाली तेव्हा खरे आरपीएम ३७०० वर बसले. तक्रार केल्यावर त्याच माणसाने इलाज म्हणून १३ पिचचा पंखा विकायला काढला: "स्पीड वाढेल." हा सल्ला इंजिन मारणारा आहे. फुल थ्रॉटलला सिलिंडरमध्ये पेट्रोल-हवा पूर्ण भरते, पण जड पंख्यामुळे पिस्टन सावकाश सरकतो. दाब आणि उष्णता कोंडते, इंजिन ठोके देऊ लागतं, रिंगा कार्बनमध्ये चिकटतात, शेवटी पिस्टनचा माथा वितळतो. खऱ्या ९ वरून १३, या ४ इंचांनी आरपीएम आणखी ६०० ते ८०० खाली गेले असते.

पंखा निवडायचा तो रोजचं वजन भरून. मिनिटभर फुल थ्रॉटल द्या. आरपीएम कंपनीच्या मर्यादेच्या वरच्या अर्ध्यात, म्हणजे इथे ५००० ते ५५०० मध्ये यायला हवेत. कमी आले तर पिच कमी करा. रिकाम्या होडीत परतताना काटा ५५०० ओलांडू लागला तर थ्रॉटल मागे घ्या. दिवसभर चालवायला ४००० च्या आसपास ठेवा.

पैसे देण्याआधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये बनणारा दाब, बघाच. गेज मुंबईत नागदेवीच्या बाजारात मिळतं. इंजिन गरम, दोन्ही प्लग बाहेर, प्लगच्या वायरी इंजिनाच्या धातूला जोडून अर्थिंग केलेल्या, थ्रॉटल पूर्ण उघडा. दोन सिलिंडरांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक असेल तर सौदा तिथेच सोडा. टॅकोवर विसंबू नका, प्लगच्या वायरीला गुंडाळायचा वेगळा टॅको स्वतः घेऊन जा. बोंडातलं रबर सुटलेलं असलं तरी इंजिन गरगर फिरतं आणि होडी हलत नाही. बोंडाच्या आतल्या आणि बाहेरच्या नळीवर रंगाची एकच सरळ रेघ ओढा, ट्रायलनंतर ती तुटलेली दिसली तर रबर गेलं.

दुकानातून घेत असाल तर बिलावर इंजिनाचा सीरियल नंबर, पंख्याचा व्यास आणि पिच लिहून घ्या. धंद्याची वस्तू म्हणून ग्राहक कायदा लागू नाही, असं विक्रेता ठणकावून सांगतो. २०१९ च्या कायद्यात, स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू असेल तर घेणारा ग्राहकच धरला जातो. तक्रारीची मुदत दोन वर्षं, राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५.