ओरडणारा कोच की शांत कोच?

ज्युनिअर हॉकीत दोन टाइपचे कोच दिसतात. एक साइडलाइनवरून अंपायरवर सतत ओरडणारा, आणि पोरं तेच उचलतात हो, शिट्टी वाजली की लगेच वाद, मग ग्रीन कार्ड म्हणजे २ मिनिटं बाहेर, यलो मिळालं तर किमान ५, आणि तेवढा वेळ टीम १० जणांवर. दुसरा शांत. हॉकीत खेळाडू कितीही वेळा बदलता येतात, म्हणून तापलेल्या पोराला तो सरळ बाहेर बोलावतो, पाणी देतो, दोन शब्द बोलतो, परत पाठवतो. पहिल्याची टीमही जिंकते कधीकधी, मान्य. पण पास चुकल्यावर पोरगं बॉलमागे धावायचं सोडून आधी घाबरून कोचकडे बघत असेल तर मला दुसराच कोच हवा, मॅच हरलो तरी चालेल.