‘रॉ’ आता नेटफ्लिक्सवर: कुस्ती, कॅमेरा आणि गर्दीचा आवाज

‘रॉ’ हा व्यावसायिक कुस्तीचा साप्ताहिक कार्यक्रम 6 जानेवारी 2025 रोजी केबल वाहिनी सोडून नेटफ्लिक्सवर आला. हा कार्यक्रम करणारी डब्ल्यूडब्ल्यूई ही कुस्ती कंपनी आणि नेटफ्लिक्स यांच्यातला हा करार दहा वर्षांचा आणि पाच अब्ज डॉलरहून अधिक रकमेचा आहे. ज्या लढतींचे निकाल आधीच ठरलेले असतात, आणि ते तसे असतात हे विकणारा, घेणारा आणि पाहणारा असे तिघेही जाणून असतात, त्या लढतींसाठी एवढा पैसा कोणी कशासाठी मोजावा, असा प्रश्न हा खेळ न पाहणाऱ्यांना हमखास पडतो. माझ्या मते यातला खरा माल रिंगच्या बाहेर, खुर्च्यांवर बसलेला असतो. डाव, पेच आणि उड्या यांचे मोल त्यांवर उठणाऱ्या आरोळीने ठरते. म्हणून या सेवेचे परीक्षणही ती आरोळी घरच्या पडद्यापर्यंत कितपत शाबूत पोहोचते, याच कसोटीवर करायला हवे.

प्रेक्षक टिकवण्याची ही धडपड फार जुनी आहे. 4 जुलै 1916 रोजी ओमाहा येथे एड ‘स्ट्रँगलर’ लुईस आणि जो स्टेकर यांची लढत जवळजवळ पाच तास चालली आणि अखेर बरोबरीत सुटली. दोन तुल्यबळ मल्ल एकमेकांना जखडून पडून राहिले, तर जाणकारांचाही जीव मेटाकुटीला येतो, मग तिकीट काढून आलेल्या सामान्य माणसाची काय कथा! पुढे 1920 च्या दशकात याच लुईसने व्यवस्थापक बिली सँडो आणि टूट्स माँट यांच्याबरोबर लढतींना वेळेची मर्यादा घातली, डोळ्यांत भरतील असे डाव पुढे आणले आणि कुस्तीला आजचे प्रयोगरूप देण्यास सुरुवात केली. 1940 च्या दशकाच्या अखेरीस टीव्ही आला, तेव्हा त्या काळच्या अवजड कॅमेऱ्यांना मोठ्या मैदानावरचा चेंडू टिपणे कठीण जात असे. कुस्तीची रिंग मात्र आटोपशीर, उजळलेली आणि चारही बाजूंनी बांधलेली. शिवाय गॉर्जियस जॉर्जसारखा माणूस सोनेरी केसांच्या कुरळ्या बटा मिरवत, झुळझुळीत झगा घालून येई, त्याचा सेवक रिंगमध्ये अत्तर फवारत असे आणि लोक त्याची हुर्यो उडवण्यासाठीच टीव्हीसमोर बसत. जपानमध्ये 1954 साली रिकिदोझानच्या लढती पाहण्यासाठी रस्त्यांवर लावलेल्या टीव्हीसंचांपुढे माणसांची झुंबड उडाली. मेक्सिकोत तर 1933 पासून या खेळाची स्वतंत्र परंपरा उभी आहे आणि तिथला मुखवटाधारी मल्ल हा लोकनायक मानला जातो.

एवढ्या पूर्वपीठिकेवर ‘रॉ’ पाहिला, म्हणजे त्याची बांधणी लक्षात येते. 11 जानेवारी 1993 रोजी मॅनहॅटन सेंटर या जेमतेम आकाराच्या सभागृहातून तो सुरू झाला, तेव्हा प्रेक्षकांच्या माना कॅमेऱ्याच्या चौकटीत येत असत आणि तीच त्याची गंमत होती. 1995 ते 2001 या काळात डब्ल्यूसीडब्ल्यू या प्रतिस्पर्धी कंपनीचा ‘नायट्रो’ हा कार्यक्रम त्याच रात्री दाखवला जाई आणि त्याने सलग 83 आठवडे प्रेक्षकसंख्येत ‘रॉ’ला मागे टाकले होते. या चुरशीने दोन्ही कंपन्यांना एक धडा मिळाला: थेट प्रक्षेपणात काहीही घडू शकते, असे वाटत राहिले पाहिजे. निकाल ठरलेला असला, तरी तो प्रेक्षकाला ठाऊक नसतो. आणि नेटफ्लिक्सला चित्रपट-मालिकांच्या ढिगाऱ्यात जे सहज मिळत नाही, ते म्हणजे आजच्या आज, आत्ताच्या आत्ता पाहण्याची निकड, ती हा कार्यक्रम दर आठवड्याला पुरवतो. पहिल्या भागाला जगभरातून 49 लाख व्ह्यूज मिळाल्याचे नेटफ्लिक्सने जाहीर केले होते.

चित्रीकरणाच्या बाबतीत कार्यक्रम आज निश्चितच सुधारलेला आहे. कित्येक वर्षे डब्ल्यूडब्ल्यूईचे दिग्दर्शन पाहणे ही डोळ्यांना शिक्षा होती: ठोसा बसण्याच्या क्षणी कॅमेरा बदलायचा, लगेच पुन्हा बदलायचा, वर तो हलवायचाही, आणि मल्लाने नेमके काय केले हेच दिसायचे नाही. अलीकडच्या दोन-तीन वर्षांत ही धांदल कमी झाली आहे. आता मल्ल गाडीतून उतरल्यापासून पडद्यामागच्या मार्गिकेतून चालत थेट रंगमंचावर येईपर्यंत कॅमेरा न तुटता त्याच्या पाठीमागे राहतो; दार उघडते, आधी दबलेला असलेला गोंगाट एकदम अंगावर येतो, आणि त्या मल्लाला जे ऐकू आले असेल तेच आपणही ऐकतो. एवढ्या एका दृश्यासाठी मी या चमूला भरघोस गुण देईन. लढतीतही कॅमेरा आता थोडा मागे सरकून उभा राहतो. तिसऱ्या थापेला लढत संपते; रेफरीची दुसरी थाप पडून तिसरीचा हात हवेत असताना खालच्या मल्लाने खांदा उचलला, की त्याच चौकटीत मागच्या पाच-सहा रांगा डोक्याला हात लावून उभ्या राहिलेल्या दिसतात, आणि त्या चेहऱ्यांमुळेच तो अर्धा सेकंद खरा वाटतो.

या गर्दीला केवळ शोभेची वस्तू मानण्याची चूक कंपनीने पूर्वी केली आहे आणि तिची किंमतही मोजली आहे. जानेवारी 2014 मध्ये पिट्सबर्गच्या ‘रॉयल रम्बल’मध्ये, म्हणजे तीस मल्ल एकामागून एक रिंगमध्ये येतात त्या लढतीत, तिसाव्या क्रमांकावर डॅनियल ब्रायन येईल या आशेवर असलेल्या प्रेक्षकांना रे मिस्टेरिओ दिसला, आणि एरवी सर्वांचा लाडका असलेल्या त्या मल्लावर त्यांनी निषेधाचा भडिमार केला. त्यानंतरच्या आठवड्यांत ब्रायनच्या ‘येस! येस!’ या घोषणा इतक्या वाढल्या, की 6 एप्रिल 2014 च्या ‘रेसलमेनिया’चा, म्हणजे कंपनीच्या वर्षातल्या सर्वांत मोठ्या सोहळ्याचा, शेवट ब्रायनच्या हाती विजेतेपदाचा पट्टा देऊनच करावा लागला. दहा वर्षांनी हेच पुन्हा घडले. फेब्रुवारी 2024 मध्ये त्या वर्षीच्या ‘रेसलमेनिया’तल्या, विजेता रोमन रेन्सविरुद्धच्या मुख्य लढतीतून कोडी ऱ्होड्सला बाजूला करून चित्रपटांत गेलेला जुना मल्ल ‘द रॉक’ याला आणण्याचा बेत दिसताच प्रेक्षकांनी असा काही गदारोळ केला, की लिहिलेली गोष्ट बदलण्यात आली आणि एप्रिलमध्ये फिलाडेल्फियात ऱ्होड्सच विजेता ठरला. दुसरा कोणता मनोरंजनाचा प्रकार आपल्या ग्राहकाला कथानकात असा हस्तक्षेप करू देतो? मालिका चुकीच्या वळणावर गेली, तर आपण घरी बसून चरफडतो. इथे वीस हजार माणसे एकदिलाने ओरडली, तर पुढच्या आठवड्याची संहिता फिरते. नेटफ्लिक्सवरच्या पहिल्याच भागात लॉस एंजेलिसच्या प्रेक्षकांनी हल्क होगनची खिल्ली उडवली. 1980 च्या दशकात हा धंदा ज्याच्या खांद्यांवर वाढला, त्याच माणसाला, सोहळ्याच्या रात्री, थेट प्रक्षेपणात. तो आवाज दाबला गेला नाही, हे सेवेच्या बाजूने नोंदवायला हवे.

गर्दी काढून घेतली तर काय उरते, याचा प्रयोग महामारीने करून दाखवला. एप्रिल 2020 मधला ‘रेसलमेनिया’ प्रशिक्षण केंद्रात, एकाही प्रेक्षकाविना चित्रित झाला. बूट घासल्याचा, श्वास लागल्याचा, फळ्यांवर पाठ आदळल्याचा आवाज स्पष्ट ऐकू येत होता आणि नेमक्या त्यामुळेच सगळे लुटुपुटूचे वाटत होते. ऑगस्टपासून घरी बसलेल्या चाहत्यांचे चेहरे भल्यामोठ्या पडद्यांवर दाखवण्यात आले, ध्वनिमुद्रित गोंगाट सोडण्यात आला, तरी तो गोंगाट मल्लांच्या हालचालींना उत्तर देत नव्हता. मल्ल त्याच ताकदीचे होते, डावही तेच होते.

आता उणिवांकडे वळतो, कारण त्या किरकोळ नाहीत. 2012 पासून ‘रॉ’ तीन तासांचा झाला होता आणि त्यात भरताड फार असे. नेटफ्लिक्सवर लांबीचे बंधन सैल झाले आहे आणि बरेच भाग अडीच तासांच्या आसपास आटोपतात, तरीही प्रत्यक्ष कुस्तीच्या वाट्याला येणारा वेळ अपुराच वाटतो. प्रवेश, भाषणे, पुढच्या कार्यक्रमांच्या घोषणा आणि पहिल्या रांगेतल्या नामांकित पाहुण्यांची ओळख यांत संध्याकाळ सरते. रिंगच्या जाजमावर आता प्रायोजकांची चिन्हे रंगवलेली असतात, आणि चितपट झालेला मल्ल एखाद्या पेयाच्या जाहिरातीवर आडवा पडलेला दिसतो, तेव्हा त्याच्या पराभवाचे गांभीर्य राहत नाही. समालोचकही डावाचे वर्णन मध्येच सोडून विक्रीच्या गोष्टी बोलू लागतात. गर्दी टिपेला पोहोचलेली असताना त्यांनी गप्प राहावे, एवढी साधी गोष्ट त्यांना अजून साधलेली नाही.

जुन्या संग्रहाबाबत माझी तक्रार अधिक गंभीर आहे. 24 फेब्रुवारी 2014 रोजी सुरू झालेल्या ‘डब्ल्यूडब्ल्यूई नेटवर्क’ या कंपनीच्या स्वतःच्या सेवेत स्पर्धक कंपन्यांचेही कित्येक वर्षांचे कार्यक्रम एका जागी मिळत. नेटफ्लिक्सवर अमेरिकेबाहेरच्या बहुतेक देशांत ‘स्मॅकडाउन’, ‘एनएक्सटी’ हे कंपनीचे इतर साप्ताहिक कार्यक्रम आणि मोठे सोहळेही आहेत, ही सोय मोठीच आहे, परंतु इतिहासाचा भाग तुलनेने त्रोटक आहे. ज्या खेळात एका शत्रुत्वाची मुळे पंधरा वर्षांपूर्वीच्या लढतीत असू शकतात, तिथे ही केवळ अभ्यासकांची गैरसोय ठरत नाही.

गर्दीचे आकडे हाही या प्रयोगाचाच एक भाग आहे, हे जाता जाता सांगायला हवे. 1987 च्या तिसऱ्या ‘रेसलमेनिया’साठी 93,173 प्रेक्षक आल्याचे जाहीर झाले आणि तो आकडा आजतागायत वादात आहे. ‘ऑल एलीट रेसलिंग’ या नव्या कंपनीने ऑगस्ट 2023 मध्ये वेम्ब्ली स्टेडियमवर 81,035 तिकिटे विकल्याचे सांगितले, तर स्थानिक पालिकेच्या नोंदीत प्रत्यक्ष आत आलेले 72,265 निघाले. यातला लहान आकडा धरला, तरी कुस्ती पाहायला सत्तर हजारांहून अधिक माणसे एका छताखाली जमतात, हे थोडे नाही. पण या धंद्याला खऱ्या मोठ्या आकड्यावर समाधान मानवत नाही.

निकाल न ठरवता खेळली जाणारी ऑलिम्पिक कुस्ती याच सेवेवर शोधू नये, मात्र प्रेक्षकांचा प्रश्न तिलाही चुकलेला नाही. फेब्रुवारी 2013 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्तीला मुख्य खेळांतून वगळण्याची शिफारस केली, तेव्हा जागतिक संघटनेने घाईघाईने नियम बदलले: तीन स्वतंत्र डावांऐवजी तीन-तीन मिनिटांच्या दोन सत्रांत गुणांची बेरीज, आणि आक्रमक मल्लाला अधिक फायदा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कुस्तीचे स्थान परत मिळाले. आधीच्या पद्धतीत एखादा मल्ल एकूण गुण जास्त मिळवूनही हरू शकत असे, आणि असे का झाले ते खुर्चीवरच्या माणसाला समजावून सांगता येत नसे. खेळ समजला, तर गर्दी येते, हे अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने दाखवून दिले आहे. नोव्हेंबर 2015 मध्ये त्यांनी ओक्लाहोमा स्टेट विद्यापीठाविरुद्धची लढत अमेरिकन फुटबॉलच्या उघड्या मैदानावर भरवली आणि महाविद्यालयीन कुस्तीला 42,287 प्रेक्षक आले. तिथला आवाज मात्र वेगळा असतो. तिथे लोक दोन गुणांसाठी रेफरीवर ओरडतात, व्यावसायिक कुस्तीत ते गोष्टीत सामील होतात.

साप्ताहिक ‘रॉ’ मी पाहण्याजोगा म्हणेन, पण सबंध पाहण्याजोगा म्हणणार नाही. सुरुवातीची पंधरा-वीस मिनिटे आणि अखेरची लढत पाहिली, तरी कथेचा धागा सुटत नाही. सदस्यत्व आधीपासून असेल, तर पाहून न पाहिल्यासारखे करण्याचे कारण नाही. केवळ याच्यासाठी नव्याने घ्यायचे असेल, तर आधी आपल्या देशात मोठे सोहळे त्यात धरून मिळतात की वेगळे घ्यावे लागतात, ते तपासून घ्यावे, कारण वर्षभराचा खरा ऐवज त्या सोहळ्यांतच असतो. नवख्या प्रेक्षकाने 4 मे 2024 च्या फ्रान्समधील लियोंजवळ झालेल्या ‘बॅकलॅश’ या सोहळ्यापासून आरंभ करावा. त्या रात्रीचे प्रेक्षक मल्लांची प्रवेशगीते संगीत थांबल्यावरही गात राहिले आणि लढत सुरू करण्यासाठी मल्लांना रिंगमध्ये ताटकळावे लागले. हेडफोन असतील तर लावावेत, आणि समालोचनाच्या मागे काय ऐकू येते तिकडे लक्ष द्यावे.