टॅली प्राइम फक्त जीएसटीपुरतं वापरू नका

आमचा फरसाणाचा छोटा कारखाना, 5 वर्षं टॅलीवर (हिशोबाचं सॉफ्टवेअर) नुसतं बिलं आणि जीएसटी. मग सीएंनी कॉस्ट सेंटर, म्हणजे प्रत्येक मालाचा हिशोब वेगळा दाखवणारी सोय, चालू करायला लावलं, चिवडा वेगळा भाकरवडी वेगळी, आणि कळलं की सगळ्यात जास्त खपणाऱ्या चिवड्यातच किलोमागे सगळ्यात कमी सुटतंय!! एन्ट्री रोजच्या रोज लागते पण, ते पाळा.

पावसाळ्यात मशीन रिकामं असताना भाकरवडीची ऑर्डर आली किलोला 215 रुपयांनी, आमची पडते 230 ला म्हणून भाऊ नको म्हणाला, पण त्यातले 40 भाडं-पगाराचे, ते तसेही जाणारच ना, बेसन तेल पॅकिंग धरून 190च, म्हणजे किलोला 25 सुटतात, घेतली. उधारीचा एजिंग रिपोर्ट (कुणाची उधारी किती दिवस थकलीय ते) दर सोमवारी बघतो, 60 दिवसांवरचं गिऱ्हाईक लगेच सापडतं. 5 पैकी 5.