शिवराई घ्यावी की क्षत्रपांचा द्रम्म? हजार-दोन हजारांत संग्रह सुरू करणाऱ्यांसाठी

नाशकात नाणी जमवायला लागलेला माणूस सहा महिन्यांत दोन दुकानांपैकी एकापुढे अडकतो. एका दुकानदाराच्या पुठ्ठ्यावर तांब्याच्या शिवराया, म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाची नाणी मांडलेली असतात, दुसऱ्याकडे नखाएवढे चांदीचे क्षत्रप द्रम्म, म्हणजे सतराशे-अठराशे वर्षांपूर्वी पश्चिम भारतात राज्य करणाऱ्या क्षत्रप राजांची नाणी. दोन्ही खरी जुनी आणि दोन्ही सामान्य खिशाला परवडणारी. मी दोन्ही वाटा चाललोय. आधी पाच वर्षं शिवराया घेतल्या, नंतर हळूहळू दुसरीकडे सरकलो. कुणी विचारलं की सहसा सांगत नाही, कारण शिवराईबद्दल कमी-जास्त बोललं की लोकांना लागतं. पण निर्णय करायला कुणी बसलंच असेल तर हिशेब मांडतो.

आधी पैशांचं. मला चांगल्या वाचनीय शिवराया शंभर ते तीनशे रुपयांत मिळत आल्या. पहिला द्रम्म अकराशेला पडला, पुढचे काही आठशेला, एक हट्टाने दोन हजारांना. म्हणजे एका द्रम्माच्या पैशांत चार-पाच शिवराया येतात. महिन्याला काहीतरी हातात यायला हवं असा स्वभाव असेल तर शिवराईच बरी. मुलांना दाखवायलाही तीच सोपी. देवनागरीत ‘श्री राजा शिव’, मागे ‘छत्रपति’. दुसरीतलं पोरसुद्धा वाचतं आणि वाचल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो. दहा-बारा ग्रॅमचं ते तांबं तळहातावर पडलं की वजन जाणवतं. द्रम्म जेमतेम दोन ग्रॅमचा, शर्टाच्या बटणाएवढा. भिंगाशिवाय त्याच्याशी बोलता येत नाही.

सांभाळण्यातही शिवराईचे लाड फार नाहीत, पण पावसाळ्यात तिच्याकडे बघावं लागतं. आमच्याकडे श्रावणात तांब्यावर हिरवट भुकटी धरते. स्वस्त पीव्हीसी अल्बममधे ठेवलेल्या दोन शिवराया तर चिकट होऊन निघाल्या, तेव्हापासून कागदी पाकिटं वापरतो. आणि तांब्याला घरातून एक वेगळा धोका असतो. एका दिवाळीत देवघरातल्या ताम्हनाबरोबर माझी बरी काळपट झालेली शिवराई आईने चिंच-मिठाने घासून लख्ख केली. ‘बघ, किती छान निघाली!’ म्हणून ती खूश. दीडशे-दोनशे वर्षांची झिलई मोरीतून वाहून गेली होती. मी काही बोललो नाही. ती शिवराई आता देवघरातच असते.

बनावटीच्या बाबतीत मात्र द्रम्म जास्त त्रास देतो, हे लपवण्यात अर्थ नाही. एका प्रदर्शनातून आणलेला, खणखणीत दिसणारा एक द्रम्म घरी भिंगाखाली धरला तर किनारीवर साच्याची बारीक रेघ सगळीकडून फिरलेली. ठशाने ठोकलेलं नाणं कडेला थोडं फाटतं, भेगाळतं. साच्यात ओतलेलं साबणासारखं गुळगुळीत असतं आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. विकणाऱ्याने परत घेतलं नाही, पावती नव्हती. तेव्हापासून नियम एकच: आधी किनार बघायची, राजाचं तोंड नंतर. शिवराईतही खोटी असतात, पण दीडशे रुपयांच्या शिवराईची नक्कल करून कुणाचं पोट भरत नाही.

एवढं सगळं शिवराईच्या बाजूने सांगून झाल्यावर तिच्यातलं जे मला खटकतं ते सांगतो. घरी पाहुणे आले, डबा उघडला, की पहिला प्रश्न ठरलेला: ‘काका, ही महाराजांच्या काळातली का हो?’ आणि मला दर वेळी म्हणावं लागतं, ‘सांगता येत नाही.’ १६७४ च्या राज्याभिषेकापासून हाच मजकूर चालला. महाराजांनंतर छत्रपतींनी चालवला, पेशवाईत चालला, आणि मराठी राज्य १८१८ ला गेल्यावरही शिवराई बाजारात फिरतच राहिली. बहुतेकांवर साल नाही. जाणकार अक्षरांच्या वळणावरून, ठिपक्यांच्या कड्यावरून, वजनावरून अंदाज बांधतात. मधे दोन रेघा असलेली दुदांडी उशिराची, इतपत मलाही कळतं. बाकी माझ्या एकाच शिवराईबद्दल एका जाणकाराने ‘शाहूंच्या वेळची’ सांगितलं, दुसऱ्याने ‘छे, उत्तर पेशवाई’. दोघेही माझ्यापेक्षा शहाणे. विकणारा मात्र प्रत्येक शिवराई थेट रायगडावरून आणतो आणि त्या वाक्याचे पैसे वेगळे लावतो. दीडशे वर्षांच्या पट्ट्यात आपलं नाणं नेमकं कुठे बसतं हे कळू नये, ही चिडचिड मला पाच वर्षं पुरली. मध्ययुगातलं गधैया नाणं घेऊन पाहिलं, तर त्यावर राजाचं नावच नाही. चेहऱ्याच्या नुसत्या रेघा आणि टिंबं उरलेली.

क्षत्रपांनी हा प्रश्न फार आधी सोडवलेला होता. माझा अकराशेचा द्रम्म दुसऱ्या रुद्रसेनाचा आहे. मागच्या बाजूला तीन कमानींच्या टेकडीभोवती ब्राह्मीत लेख फिरतो: ‘राज्ञो क्षत्रपस वीरदामपुत्रस राज्ञो महाक्षत्रपस रुद्रसेनस’. बाप, लेक, दोघांच्या पदव्या, सगळं एका बटणावर. लेख पूर्ण कधीच उतरत नाही, वरचा अर्धा भाग नाण्याच्या चकतीबाहेर गेलेला असतो. तरी काम अडत नाही. आधी ‘पुत्रस’ ही तीन अक्षरं शोधायची. त्यांच्या आधी बापाचं नाव, शेवटी मुलाचं. दोहोंतलं एक जरी निम्मं वाचता आलं तरी वंशावळीत माणूस सापडतो. ब्राह्मी शिकायला मला महिनाभर लागला, रोज रात्री अर्धा तास. सरावाला नाशिकची पांडवलेणी आहेतच. दहाव्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे, त्यात सत्तर हजार कार्षापण (तेव्हाची चांदीची नाणी) आणि एका सुवर्णाला, म्हणजे सोन्याच्या नाण्याला, पस्तीस कार्षापण हा दरसुद्धा कोरलेला. अक्षरांचं वळण थोडं वेगळं, पण डोळा बसतो.

दर्शनी बाजूला डोक्यामागे साल असतं. शंभराची खूण वेगळी, नव्वदाची वेगळी, एककाची वेगळी. माझ्या नाण्यावर शंभर आणि नव्वद उतरलेत, एकक चकतीबाहेर. म्हणजे शके १९० ते १९९. हा शक म्हणजे आपल्या पंचांगातलाच, ७८ मिळवले की इसवी सन २६८ ते २७७. (आपण त्याला शालिवाहन म्हणतो आणि तो वाचायला सापडतो क्षत्रपांच्या नाण्यांवर, ही गंमत वेगळीच.) सतराशे वर्षांपूर्वीचं नाणं दहा वर्षांत पकडता येतं आणि अडीचशे वर्षांपूर्वीचं येत नाही. माझ्यापुरता निकाल तिथेच लागला.

खुद्द नहपानाचा द्रम्म घ्यावा असं नाशिककराला वाटणारच. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभीला त्याची तेरा हजारांहून जास्त नाणी निघाली, त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर त्याला हरवणाऱ्या सातवाहन राजा गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा ठोकलेला. पण तो द्रम्म मला माझ्या बजेटच्या बाहेरच दिसत आला. अंजनेरीच्या मुद्राशास्त्र संस्थेच्या संग्रहालयात मोठमोठ्या नाणेसाठ्यांची माहिती बघून समाधान करून घेतो. दुसरा रुद्रसेन, भर्तृदामन, तिसरा रुद्रसेन हे मात्र आवाक्यातले.

एक सूचना दोन्हींना लागू. ‘शेतात हंडा निघाला, कुणाला सांगू नका’ अशी कथा ऐकवणाऱ्याकडून काहीही घेऊ नका. १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांवरचा असा ठेवा जिल्हाधिकाऱ्यांना कळवायचा असतो. आणि शंभर वर्षांवरची नाणी देशाबाहेर नेता येत नाहीत, तेव्हा अमेरिकेतल्या भाच्याला भेट म्हणून दुसरं काही बघा.

ज्याला महाराजांचं नाव हातात धरायचंय त्याने शिवराई घ्यावी, त्यात मी कोण बोलणार. माझ्याही डब्यात अकरा आहेत. पण हातात दोन हजार असतील आणि माझं ऐकायचंच असेल, तर दीडशेची एक शिवराई, दोनशेचं एक बरं भिंग, आणि उरलेल्यात पावतीसकट एक द्रम्म, ज्याचं ‘पुत्रस’ स्वच्छ दिसतंय असा. साल अर्धवट असलं तरी चालेल. पूर्ण सालाचा रुद्रसेन मी स्वतः दोन वर्षं शोधतोय. मेनरोडच्या एका ओळखीच्या दुकानदाराला सांगून ठेवलंय, एककाचा आकडा दिसला की आधी मला फोन कर.