शाळेच्या जुन्या बिल्डिंगचं ऑडिट आणि रिपेअर, आमचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

आमचं हायस्कूल पाटण तालुक्यातलं, म्हणजे कोयनेच्या अगदी जवळचं. ११ डिसेंबर १९६७ चा भूकंप सोसलेली माणसं इथे घरोघरी आहेत, त्यामुळे वर्गात छताचं प्लॅस्टर बाकावर पडलं तेव्हा पालकसभेत कुणाला वेगळं काही समजवावं लागलं नाही. मी माजी विद्यार्थी, मुलगी आता तिथेच ९वीत, आणि दुरुस्ती कमिटीत असल्याने सगळं काम जवळून बघितलंय. नावं मात्र कुणाचीच लिहीत नाही.

आधी बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की रंग देऊ, स्मार्ट बोर्ड बसवू, गळतंय तिथे वॉटरप्रूफिंग करू आणि मोकळे होऊ. मुख्याध्यापक बाईंनी हट्टाने स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे बिल्डिंगच्या मजबुतीची तपासणी, करून घेतलं, आणि माझ्या मते सगळ्या खर्चात सगळ्यात कामी आलेला पैसा तोच. इंजिनिअर सरांनी हॅमर टेस्ट वगैरे केलीच, पण टॉयलेटलगतच्या कॉलमचं काँक्रीट थोडं फोडून त्यावर आमच्याच लॅबमधलं फिनॉल्फ्थॅलिन (अल्कली ओळखायचं द्रावण) मारलं, १०वीची पोरं शेजारी उभी. चांगलं काँक्रीट गुलाबी होतं म्हणे. इथे पार सळीपर्यंत रंगच आला नाही. सर म्हणाले, काँक्रीटमधला अल्कलीपणा गेलाय, आता सळीला गंजापासून वाचवणारं काही नाही, आणि गंजली की सळी फुगते आणि काँक्रीटला आतूनच फोडते. पोरं एकदम गप्प झाली, आम्हीपण.

गच्चीवर तर दर गळतीला जुन्याच कोब्यावर नवा कोबा ओतलेला, उकरल्यावर ३ थर निघाले. एवढं ओझं तो स्लॅब इतकी वर्षं पेलत होता आणि खाली पोरं बसत होती. सगळं काढून एकच पातळ थर दिला, ढाळ नीट काढला.

कॉन्ट्रॅक्टरचं काम चांगलं. आधी जॅक लावून बीमला आधार, मग सैल काँक्रीट काढून सळ्या वायर ब्रशने घासून अँटी रस्ट कोट, नव्या सळ्या बांधून मायक्रोकाँक्रीट (बारीक खडीचं काँक्रीट). कॉलम चारी बाजूंनी ४-४ इंच जाड झालेत, कोपऱ्यातला एक बाक कमी करावा लागला, चालेल.

स्टार कापलाय तो वायरिंगवाल्यामुळे. नवीन जॅकेट केलेल्या, म्हणजे असं जाड केलेल्या, कॉलमला त्याने ग्राइंडरने सरळ खाच पाडली, पाइप दाबायला, आणि साइटवर सुपरवायझरच नव्हता. मी ओरडलो म्हणून एकावरच थांबलं. सरांनी ती भरून घेतली आणि बाकी वायर वरून पट्टीतून फिरवायला लावली. तुमच्याकडे काम चालू असेल तर वायरिंगच्या दिवशी कुणीतरी तिथे थांबाच.

डिजिटल क्लाससाठी जुन्या दगडी विंगमधल्या २ खोल्यांमधली भिंत पाडायची असं आमचं ठरलं होतं, सरांनी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं, छताचा भार त्याच भिंतीवर आहे. तेव्हा वाईट वाटलं, आज त्यांचे आभार मानतो. मग एकाच खोलीत हलके हलवता येणारे बाक घेतले, ग्रुपमध्ये बसता येतं, बोर्ड खिडकीच्या समोर न लावता बाजूच्या भिंतीवर लावला म्हणजे चकाकत नाही.

दारं आता बाहेर उघडतात, रॅम्प झाला, आणि मागच्या जिन्याचं कुलूप कायमचं काढलं. २००४ मध्ये कुंभकोणमला शाळेच्या आगीत ९४ मुलं गेली, तो जिना बंद ठेवायचा विषय निघाला की मी दर वेळी हेच सांगायचो.

जुलैचा पाऊस झाल्यावर सर न बोलावता येऊन गेले, ९वी ब च्या छताला शिडी लावून हात फिरवून बघितला, कोरडं ठणठणीत. दगडी विंगचं काम अजून राहिलंय, तेही याच माणसांना द्यायचं असं कमिटीत बोलणं चालू आहे, फक्त या वेळी सुपरवायझर रोज साइटवर हवा ही अट लेखी घेणार आहोत.