आकाशातलं भिंग: प्रकाशीय दुर्बीण की रेडिओ?

नागपुरात रमण विज्ञान केंद्राच्या तारांगणातून निघताना भाच्यानं विचारलं, "मामा, दीर्घिकांचे आकार मोजायला कोणती दुर्बीण बरी?"

वाटेतलं कृष्णद्रव्य, म्हणजे न दिसणारा पण गुरुत्वाकर्षणातून जाणवणारा पदार्थ, भिंगासारखा प्रकाश वाकवतो, त्यामुळे दीर्घिकांचे आकार जेमतेम एखादा टक्का ताणलेले दिसतात; हा ताण टिपायलाच आकार मोजायचे. प्रकाशीय दुर्बिणीला दीर्घिका भरपूर मिळतात, पण जमिनीवरून पाहताना हवा प्रतिमा पुसट करते. आपल्याकडच्या मे महिन्यात डांबरी रस्त्यावर सगळं थरथरतं ना, तसंच. रेडिओत प्रतिमा किती पसरेल, याचं गणित अँटेनांच्या मांडणीवरूनच मांडता येतं. शिवाय लहरींच्या ध्रुवीकरणावरून, म्हणजे त्या कोणत्या दिशेत कंप पावतात यावरून, ताणाआधी दीर्घिका कुठल्या बाजूला झुकलेली होती हे ताडता येतं. माझ्या मते खरी गंमत इथेच आहे. मात्र रेडिओत दीर्घिका फारच विरळ दिसतात. २००४ मध्ये 'फर्स्ट' या रेडिओ सर्वेक्षणातून हा ताण टिपला गेला, तरी आज माझं मत प्रकाशीयलाच. भाचा मात्र रेडिओवर अडून बसलाय.